चिखलातल्या शर्यतीसाठी गाडी करून देताय? आधी गिऱ्हाइकाला हा एक प्रश्न विचारा



मागच्या व्हिडिओत आपण टायर आणि ॲक्सेसरीजच्या दुकानाचं कोटेशन कसं बनवायचं ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, पावसाळा आला की पोरं जीप नाहीतर पिकअप घेऊन येतात. मोठी टायर टाका, गाडी उचलून द्या, चिखलात पळवायचीय म्हणतात. काम घ्यायचं का?"

घ्या की. काम चांगलं आहे, पैसेही बरे सुटतात. पण हे काम नुसतं "टायर बदलली, पैसे घेतले" असं नसतंय. आज मी तुम्हाला यातलं टेक्निकल काय आणि धंद्याचं काय, दोन्ही सांगतो. आणि माझी चूकही सांगतो, कारण ती मला महागात पडली.

माझी चूक

दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. पावसाळ्यात एक तरुण पिकअप घेऊन आला. "दादा, पुढच्या रविवारी चिखलातली शर्यत हाय. गाडी उंच करून द्या, टायर मोठी टाका." मी खूश. मागच्या पाट्यांना लांब शॅकल लावले, मोठी टायर चढवली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. माझे साडेपाच हजार सुटले.

शर्यत झाली. पोरगा तिसरा आला. सोमवारी पहाटे तीच गाडी रोजच्या कामाला निघाली. पुलाच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक पेडल खाली गेलं आणि गाडी रस्ता सोडून उसात घुसली. नशीब म्हणायचं, पुढं कुणी नव्हतं. पोराच्या मनगटावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दुकानात आले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, गाडी तुझ्या दारात आली तवा मागं कॅन बांधायचे दोर हुते की. तुला दिसलं न्हाईत व्हय?"

ती दुधाची गाडी होती. त्या घराचं दोन वेळचं जेवण त्या गाडीवर होतं. दोर मला दिसले होते. मी विचारलं नव्हतं.

ब्रेक का गेला ते खाली सांगतो. आधी चिखल समजून घेऊ.

चिखल चिखलात फरक असतो

आपला आष्टा कृष्णा आणि वारणेच्या मधल्या पट्ट्यात. इथली काळी रानं पाणी पिऊन फुगतात आणि लोण्यासारखी चिकट होतात. चप्पल घालून रानातून चालून बघा, दहा पावलांत प्रत्येक पायाखाली किलोभर माती. टायरचंही तसंच होतं. नक्षीच्या खाचा मातीनं भरल्या की टायर बाहेरून गुळगुळीत. मग टायर कितीही नवं असू दे, जागेवर गरगर फिरतं.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती. ती घसरडी असते, पण बऱ्याच ठिकाणी वरचा थर कापला की खाली कडक लागतं. गोव्यात २०१४ साली 'रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया' सुरू झाली. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ पासूनची. भर पावसात, ओढ्यातून, लाल चिखलातून गाड्या काढायच्या. तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं म्हणतात, "तसली टायर टाका." पण तिथला चिखल वेगळा, आपला वेगळा. म्हणून पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाला विचारा: शर्यत कुठल्या मातीत आहे? खाली टणक लागतं की नाही?

- खाली टणक लागत असेल तर थोडं अरुंद, उंच टायर चांगलं. ते वरचा चिखल कापून टणक थराला धरतं.
- खाली टणक नसेल, रान खोलवर मऊ असेल, तर रुंद टायर. वजन जास्त जागेवर पसरतं, गाडी कमी रुतते.

टायर: नक्षी आधी, साइज नंतर

पिकअपला कंपनीतून येतं ते रस्त्याचं टायर. त्याच्या खाचा अरुंद असतात. त्यापुढं ऑल टेरेन, म्हणजे थोडं रस्त्याला थोडं रानाला. आणि शेवटी मड टेरेन. मड टेरेनचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद आणि खोल. खाच रुंद असली की चाक जोरात फिरल्यावर माती बाहेर फेकली जाते आणि ठोकळा पुन्हा मोकळा होतो. चिकट काळ्या मातीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

हे कळायला आपल्याला परदेशातले व्हिडिओ नकोत. ट्रॅक्टरचं मागचं टायर बघा. तिरक्या जाड पट्ट्या, मधे हातभर मोकळी जागा. आणि ते टायर उलटं बसवलं तर काय होतं? पट्ट्या माती बाहेर टाकायच्या ऐवजी आत गोळा करतात. काही मड टायरवरही बाजूला फिरायच्या दिशेचा बाण असतो. माझ्या दुकानात एकदा मुलानं दोन चाकं उलटी बसवली होती. म्हणून आता जॉब कार्डवर "बाण तपासला" असा रकानाच आहे.

मड टायरचे तोटेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा: डांबरी रस्त्यावर घोंगावतं, लवकर झिजतं, ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो, डिझेल जास्त जातं. नंतर सांगितलं तर ती तक्रार होते.

आता साइज. दुकानात फळ्यावर लिहून दाखवता येईल असा हिशोब देतो.

२१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. बाजूची उंची १६१, ती वर आणि खाली मिळून ३२२. रिम ३८१. एकूण उंची साधारण ७०३ मिलिमीटर.

२३५/७५ आर १५ घेतलं तर उंची ७३३. म्हणजे गाडी १५ मिलिमीटरनं वर येते. (३० वाढले तरी निम्मेच ॲक्सलच्या खाली असतात, हे लक्षात घ्या.)

३१ इंची टायर घेतलं तर उंची ७८७. गाडी ४२ मिलिमीटरनं वर. दिसायला झकास! पण चाक १२ टक्के मोठं झालं. त्याचे परिणाम:

- मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६७ नं पळत असते.
- ओढ दहा टक्क्यांहून जास्त कमी होते. जिथं पहिल्या गिअरमध्ये आरामात निघत होती, तिथं क्लच जळायला लागतो.
- चाक पूर्ण वळवल्यावर फेंडरला किंवा चॅसीला घासू शकतं.
- चाक जड झालं, मग बेअरिंग आणि ब्रेक दोघांवर ताण.

फोर बाय फोर गाडी असेल तर चारही टायर एकाच साइजची आणि सारखी झिजलेली हवीत. पुढं एक मागं एक अशी साइज ठेवून फोर बाय फोर लावली की ट्रान्सफर केस पिळवटते. स्टेपनीही त्याच साइजची. कोटेशन नेहमी पाच टायरचं द्या, चारचं नको.

हवा: सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन

हवा कमी केली की टायर बसतं, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, गाडी कमी रुतते. रिकाम्या गाडीला चिखलात १८ पीएसआयच्या आसपास आणून बघतात. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून निसटतं.

पण दोन अटी. गाडीत माल असेल तर हवा कमी करायची नाही. आणि रस्त्यावर चढायच्या आधी हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर डांबरावर पळवलं की टायर तापतं आणि फुटतं. म्हणून टायरबरोबर हवेचा छोटा पंप आणि गेज विका. गिऱ्हाइकाचा जीव वाचतो, तुमचीही विक्री होते.

पाटे: आपली सवय इथं उलटी पडते

आपल्या भागात सस्पेन्शनचं काम म्हटलं की एकच अर्थ, जादा पाटा टाका. गळीत हंगामात माल जास्त भरायचा, म्हणून पाटा वाढवायचा. चिखलात हीच सवय नडते.

का ते बघा. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो किती, हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरतं, आणि जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही. गाडी जागेवर. जादा पाट्यांनी मागचा भाग कडक झाला की खड्ड्यात चाक खाली उतरत नाही, लोंबकळत राहतं. चिखलात चाक जमिनीला टेकून राहिलं पाहिजे. त्यासाठी पाटा मऊ आणि लांब चालणारा हवा.

त्यात रिकाम्या पिकअपचं इंजिनाचं वजन पुढं आणि ओढ मागच्या चाकांना. मागं वजन नाही म्हणून चाकं फिरतात. टू व्हील ड्राइव्ह पिकअप घेऊन चिखलात उतरणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. कितीही खर्च केला तरी ती फोर बाय फोरची बरोबरी करणार नाही.

गाडी उचलायच्या पद्धती:

१. लांब शॅकल. सगळ्यात स्वस्त. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच वर येते. पुढं पाटे असलेल्या जुन्या जीपला, एमएम ५४० सारख्या, पुढं लांब शॅकल लावले की ॲक्सलचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग वेगात भटकायला लागतं.

२. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे ब्लॉक. फक्त मागं. पुढं कधीच नाही, कारण ब्रेक मारल्यावर ब्लॉक निसटला तर स्टिअरिंगच गेलं. एकावर एक दोन ब्लॉक तर अजिबात नकोत. यू-बोल्ट नवे आणि लांब, जुने पुन्हा वापरायचे नाहीत.

३. नवीन पाट्यांचा पूर्ण सेट आणि त्याला जुळणारे शॉकअप. खर्च जास्त, पण काम हेच बरोबर.

आता एक गोष्ट निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसते. पाट्यांनी गाडी उचलली तर चॅसी वर जाते, पण मागच्या डिफरन्शिअलचा गोळा होता तिथंच राहतो. चिखलात नांगरासारखा अडकतो तो हाच गोळा. तो फक्त टायर मोठं केलं की वर येतो. मग पाटे कशाला उचलायचे? मोठं टायर बसावं, घासू नये, आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून. टायर ठरल्याशिवाय लिफ्ट ठरवायची नाही.

गाडी उचलली की मागून काय काय येतं

माझ्या चुकीचं उत्तर इथं आहे.

चॅसीवरून मागच्या ॲक्सलवर ब्रेक ऑइलची रबरी नळी येते. गाडी उचलली की चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर वाढतं. नळी तेवढीच. गाडी जमिनीवर उभी असताना नळी सैल दिसली, मी समाधानी. पण शर्यतीत चाक खड्ड्यात उतरलं, लोंबकळलं, तेव्हा नळी ताणली. दिवसभर ताणत राहिली. तुटली नाही, मुळाशी चिरली. पोरगा रविवारी व्यवस्थित घरी आला. सोमवारी उतारावर जोरात पाय मारला तेव्हा फुटली.

तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी चॅसीवर जॅक लावून उचला, खाली घोडे लावा, चाकं पूर्ण लोंबकळू द्या. मग नळीला हात लावा. ताणलेली लागली तर लांब नळी टाकल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही.

त्याच वेळी हेही बघा:

- लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला हा व्हॉल्व्ह असतो. चॅसी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी उचलून ही दांडी जुळवली नाही तर माल भरल्यावरही मागचा ब्रेक कमीच लागणार.
- प्रोपेलर शाफ्ट. कोन वाढला की जॉइंट खातो, कंपन येतं.
- शॉकअप. जुना शॉकअप छोटा पडला तर प्रत्येक खड्ड्यात तोच चाकाला अडवतो आणि शेवटी तुटतो.
- उलटण्याचा धोका. चाकांमधली रुंदी तेवढीच आणि वजन वर. चार इंच उचललेल्या गाडीवर दुधाचे कॅन नाहीतर भाजीची क्रेट भरून वळण घ्या, फरक लगेच कळतो.

शर्यत झाल्यावर ड्रम उघडून माती धुणं, बेअरिंगला ग्रीस, हाउसिंगच्या तेलात पाणी शिरलंय का बघणं. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर बदला. याचं वेगळं सर्व्हिस पॅकेज करा आणि कोटेशनमध्येच लिहा.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशीलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट इथंच ठेवतात. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसही काढायचं असतं.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीनं त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या साइजमध्येच टायर द्या. फक्त नक्षी बदला. त्यापुढचं काम ट्रॅकवरच्या गाडीचं. अमेरिकेत चिखलात पळणारे मोठे ट्रक बघता ना? त्यातले बरेचसे ट्रेलरवर टाकून मैदानात आणतात आणि ट्रेलरवरच घरी नेतात. व्हिडिओत ट्रेलर दिसत नाही, म्हणून पोरांना वाटतं तीच गाडी बाजारालाही जाते.

आता मी ऑर्डर कशी घेतो

त्या दिवसापासून माझ्या जॉब कार्डच्या सगळ्यात वर एकच प्रश्न छापलाय: शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही गाडी कुठं जाणार?

उत्तर "दूध, भाजी, माल, शाळेची पोरं" असं आलं तर मी गाडी उचलत नाही. त्याऐवजी देतो ते असं: मान्य साइजमधली ऑल टेरेन किंवा मड टायर, पुढं-मागं मजबूत हूक, ओढायचा चांगला पट्टा, हवेचा पंप आणि शर्यतीनंतरची सर्व्हिस. गिऱ्हाईक शर्यतीत उतरतं, मजा करतं, आणि सोमवारी गाडी कामाला जाते.

उत्तर "कुठं नाही, ही फक्त खेळायची गाडी" असं आलं तर पुढचं काम. पण क्रम ठरलेला: आधी हूक आणि पट्टा, मग टायर, मग डिफरन्शिअल लॉक, शेवटी पाटे. प्रत्येक टप्प्याला वेगळं कोटेशन, लेखी सही, आणि चाकं लोंबकळत ठेवून काढलेला ब्रेक नळीचा फोटो. गाडी ट्रेलरवरून जाणार, हेही सहीच्या वर लिहिलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, असं केलं तर काही गिऱ्हाइकं दुसरीकडं जातील. जातात. मागच्या पावसाळ्यात तिघं गेले. पण त्या एका साडेपाच हजारांच्या कामात दुरुस्ती मी माझ्या खिशातून केली आणि गाडी गॅरेजमध्ये होती तेवढे दिवस दुधाला भाड्याची गाडी लावून दिली. हिशोब मांडला तर त्या महिन्यात दुकान तोट्यात होतं.

तो पोरगा आजही माझा गिऱ्हाईक आहे. त्याच्या पिकअपला कंपनीच्या साइजचीच टायर आहेत. शर्यतीसाठी त्यानं दोन मित्रांबरोबर वर्गणी काढून एक जुनी जीप घेतलीय. वडील अजून अधूनमधून दुकानात चहाला येतात. कुणी नवीन गिऱ्हाईक उभं असलं की आधी त्याच्या गाडीच्या मागं जाऊन बघतात, दोर बांधलेत का.

तुमच्या दुकानाचं जॉब कार्ड आजच काढा आणि वरचा प्रश्न त्यावर लिहा. पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा नमुना फळ्यावर मांडून दाखवतो. भेटू!